सांघिक बुद्धिबळ स्पर्धा रेटिंगची करावी का? इंदूरकरांनो, मतं द्या

रामबागी

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आपली वसाहतींची सांघिक स्पर्धा घ्यायची आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, टिळक नगर आणि छावणी एवढे संघ नक्की आहेत. स्कीम ७८ मधूनही विचारणा झालीय. चार बोर्ड, म्हणजे संघाचे चार खेळाडू चार पटांवर, एक राखीव, स्विस पद्धत, म्हणजे कुणी बाद होत नाही, दर राऊंडला जवळपास सारख्या गुणांच्या संघांची गाठ. आजवर आपण ही स्पर्धा घरगुतीच ठेवली. पंच आपल्यातलेच, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, एका रविवारात सगळं आटपायचं आणि संध्याकाळी ढाल द्यायची. यंदा मात्र निम्म्या संघांनी एकच प्रश्न विचारलाय: स्पर्धा फिडे रेटिंगची आहे का, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ (फिडे) खेळाडूच्या ताकदीचा जो आकडा ठेवतो, त्यात हे डाव धरणार का? नसेल तर त्यांची चांगली मुलं त्या दिवशी भोपाळला नाहीतर उज्जैनला रेटिंग स्पर्धा खेळायला जाणार.

माझं मत आधीच सांगतो. करावी. "सांघिक डाव संघासाठी असतो, त्याला वैयक्तिक रेटिंग कशाला" हे मी कितीतरी वेळा ऐकलंय, पण ते मला कधीच पटलं नाही. पटावर बसलं की समोर एकच माणूस असतो आणि चाल स्वतःलाच शोधावी लागते. ऑलिम्पियाडहून मोठी सांघिक स्पर्धा कोणती? तिथला प्रत्येक डाव रेटिंगला धरतात. २०२४ मध्ये बुडापेस्टला आपल्या संघाने २२ पैकी २१ गुण घेऊन सुवर्ण मिळवलं. गुकेशचे १० डावांत ९ गुण आणि अर्जुन एरिगैसीचे ११ डावांत १०, हे सगळं त्यांच्या त्यांच्या खात्यात जमा झालं. पुढच्याच महिन्यात अर्जुनने लाइव्ह रेटिंगमध्ये, म्हणजे डावागणिक बदलणाऱ्या आकड्यात, २८०० ओलांडले, तेही युरोपियन क्लब कपमध्ये, म्हणजे क्लबच्या संघातून खेळताना. आनंदनंतर तिथे पोचलेला तो दुसरा भारतीय.

मग लोकमान्य नगरच्या एखाद्या पोराने चौथ्या बोर्डावर जीव तोडून डाव काढला, तर तो कुठेच नोंदला जाऊ नये का?

तिसऱ्या_बोर्डाची_आई

माझा विरोध आहे. का ते सविस्तर लिहिते, कारण आमच्यावर हे गुदरलंय.

मुलगी अकरा वर्षांची आहे. रेटिंग तेव्हा १६५० च्या आसपास. बाहेरगावी एक रेटेड सांघिक स्पर्धा होती, शेवटचा राऊंड, समोर १४५० चा एक मुलगा. डाव हत्तींच्या शेवटापर्यंत आला, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढीच उरली. हिचं एक प्यादं जास्त, राजा पुढे सरकलेला, समोरच्याचा हत्ती मागच्या पट्टीत अडकून पडलेला. मला फार कळत नाही, पण तिच्या बसण्यावरून कळतं. जिंकत असली की ती हातांवर बसते, घाईत चाल होऊ नये म्हणून.

पहिला आणि दुसरा बोर्ड आमच्या संघाने जिंकला होता. सामना खिशात घालायला अर्धा गुण हवा होता. कॅप्टन आले, तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबरी चालेल." तिने मान वर करून बघितलं. ते परत म्हणाले, "संघाला अर्धा पुरे." तिने बरोबरी मागितली, त्या मुलाने लगेच हात पुढे केला.

संघ जिंकला. हिचे दहाच्या वर पॉइंट गेले. परतीच्या गाडीत बाकीचे ढालीबरोबर फोटो काढत होते आणि ही माझ्या फोनवर रेटिंगचा हिशेब करत होती. तिने मला एवढंच विचारलं, "आई, मी चुकीचं काय खेळले?"

आता सांगा, त्या दहा पॉइंटांनी तिची ताकद मोजली की आज्ञाधारकपणा? डाव संघाचा असेल तर गुण संघाला द्या. डाव तिचा असेल तर तो तिला खेळू द्या. दोन्हीकडून तिलाच का कापायचं?

पोहे_जिलेबी

ताई, वाचून वाईट वाटलं. पण एक कळलं नाही. बरोबरी झाली तर दोघांनाही अर्धा-अर्धा. मग पॉइंट कमी कसे होतात? मी अगदी नवीन आहे या सगळ्यात.

अडीच_घरं

मी आर्बिटर, म्हणजे पंच आहे, आकड्यांचं मी सांगतो. ताईंच्या मुद्द्यावर त्यानंतर येतो.

दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून प्रत्येकाकडून किती गुणांची अपेक्षा धरायची याचा फिडेचा तक्ता असतो. २०० चा फरक असेल तर वरच्याकडून ०.७६ गुणाची अपेक्षा. बरोबरीत मिळाला ०.५, म्हणजे ०.२६ कमी पडला. त्याला त्या खेळाडूच्या के-गुणकाने गुणायचं. अठरा वर्षांखालच्यांना रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत के ४० असतो, म्हणून १०.४ गेले. जिंकली असती तर ९.६ मिळाले असते. मधलं अंतर बरोबर २०, आणि ते समोर कुणीही असो तेवढंच राहतं: अर्धा गुण म्हणजे के च्या निम्मे. आपल्यासारख्या मोठ्यांचा के २० असतो, तिथे अर्ध्या गुणाची किंमत १०. एकदा २४०० गाठले की के १०, मग फक्त ५. म्हणजे कॅप्टनच्या त्या दोन शब्दांची सर्वांत जास्त किंमत मुलंच मोजतात. ताईंचं दुखणं खरं आहे, ते भावनेचं म्हणून बाजूला सारू नये.

आता नियम. सांघिक सामन्यात कॅप्टनला बोलायची मुभा असते, पण फारच थोडी. बरोबरी माग, बरोबरी घे, डाव सोड, एवढा सल्ला सामन्याच्या स्थितीवरून त्याला देता येतो. पटावरच्या स्थितीबद्दल एक अक्षर काढता येत नाही, आणि पटाजवळ उभं राहून चर्चा तर नाहीच. शिवाय तो सल्ला असतो, हुकूम नव्हे. खेळाडूने "मी खेळतेय" म्हटलं तर कॅप्टनला काही करता येत नाही. पण अकरा वर्षांच्या मुलीने काकांच्या वयाच्या माणसाला नाही म्हणायचं, हे कागदावर सोपं आहे.

सातव्या_पट्टीचं_प्यादं

काकूंच्या मुलीबद्दल मनापासून वाईट वाटलं. तरीही मी रेटिंगच्याच बाजूने आहे.

वैयक्तिक ओपन स्पर्धा मी बऱ्याच खेळलोय. शेवटच्या राऊंडला वरच्या बोर्डांवर काय चालतं ते बघा. दोघांनाही अर्ध्या गुणात बक्षिसाची रक्कम मिळणार असेल तर दहा-बारा चालींत हात मिळवतात. तो डावसुद्धा रेटिंगला धरतातच ना? तिथे बरोबरी पैशासाठी, इथे संघासाठी. कारण बाहेरचं आहे म्हणून डाव बाद करायचा तर निम्म्या ओपन स्पर्धा बाद कराव्या लागतील.

आणि संघासाठी खेळताना माणूस कमीच खेळतो असं कुठंय? कधी कधी जास्त खेळतो. २०२२ चं मामल्लपुरमचं ऑलिम्पियाड आठवा. गुकेश पहिल्या बोर्डावर सलग आठ डाव जिंकला होता. दहाव्या राऊंडला उझबेकिस्तानविरुद्ध अब्दुसत्तारोवसमोर त्याची बाजू चांगली होती. चाली परत परत करून बरोबरी घेता आली असती. त्याने ती घेतली नाही, संघाला सुवर्ण हवं होतं. वेळेच्या तंगीत घोडा गमावला आणि डाव हरला. सामना २-२ सुटला, सुवर्ण उझबेकिस्तानने नेलं. त्या हरण्याचे पॉइंट त्याचे गेलेच, आणि जायलाच हवेत. त्या दिवशी तो जसा खेळला तसा खेळला. दोन वर्षांनी बुडापेस्टला पुन्हा पहिल्या बोर्डावर बसून सुवर्ण घेऊन आलाच की.

मला विचाराल तर रेटिंग नसलेल्या सांघिक स्पर्धेत मजबूत मुलं पाहुण्यासारखी येतात. पहिल्या राऊंडला झोपेतून उठून, दुसऱ्याला मोबाइल बघत. मी स्वतः बघितलंय. त्यांच्यासमोर बसलेल्या लहान मुलाला मग खरा डाव मिळत नाही.

जुनी_छावणी

लेकरांनो, सगळं वाचलं. कॅप्टनचा प्रश्न आहे, पण तो नियमाने सुटेल. मला दुसरीच काळजी आहे आणि तिच्याबद्दल इथे कुणी बोललं नाही.

आपल्या स्पर्धेत आज संघात कोण असतं? आमच्या छावणीच्या संघात मी सत्तरीचा, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक बारावीची मुलगी आणि एक आठवीतला मुलगा. संघ कसा जमतो? शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर पट मांडतो, जे येतात ते खेळतात, त्यातूनच संघ होतो. हा मुलगा माझ्याकडून हत्तींचे शेवट शिकला आणि मी त्याच्याकडून ती नवी ओपनिंगं शिकलो, जी मुलं यूट्यूबवर बघून येतात.

स्पर्धा रेटिंगची झाली की पहिल्या वर्षी काय होईल? आमच्या मुलाच्या समोर माझ्यासारखा बिनरेटिंगचा म्हातारा आला तर त्याचा डाव धरला जाणार का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. मग त्याचे आईवडील म्हणतील, आम्ही पैसे भरले, रविवार घालवला आणि मिळालं काय? दुसऱ्या वर्षी संघ करणारेच म्हणतील, काका तुम्ही राखीव बसा. तिसऱ्या वर्षी बोलावणंच येणार नाही. कुणी वाईट नसेल यात. आकडा आला की माणसं आकड्यानेच निवडायला लागतात.

भोपाळच्या रफीक खानांना मी खेळताना पाहिलंय. सुतारकाम करणारा माणूस, १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये वैयक्तिक रौप्य पदक घेऊन आला. संघात एका बोर्डावर बसला म्हणून त्याचं नाव जगाला कळलं. सांघिक खेळाची हीच थोरवी आहे की त्यात एखाद्या बोर्डावर जागा निघते. ती जागा जाऊ नये एवढंच माझं म्हणणं.

अडीच_घरं

काका, तुमची माहिती बरोबर आहे. रेटिंग असलेल्याचा बिनरेटिंगच्या खेळाडूशी झालेला डाव त्याच्या रेटिंगला धरत नाहीत. बिनरेटिंगच्यालाही स्विस किंवा सांघिक स्पर्धेत फक्त रेटेड प्रतिस्पर्ध्यांशी झालेले डावच धरतात. असे पाच डाव जमले की पहिलं रेटिंग येतं. ते पाचही एकाच स्पर्धेत हवेत असं नाही, २६ महिन्यांतले डाव एकत्र धरतात. मात्र १४०० च्या खाली आलं तर यादीत नाव लागत नाही.

१ मार्च २०२४ पासून यादीचा तळ १००० वरून १४०० वर नेला आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली, २००० पासून जेवढं अंतर त्याच्या ४० टक्के. १५०० असेल त्याला २०० मिळाले, तो १७०० झाला. त्यामुळे आता पहिल्यांदा यादीत येणं पूर्वीसारखं शेपटापासून सुरू होत नाही.

तरी तुमच्या मूळ मुद्द्यावर मला उत्तर नाही. मुलांचा एक रविवार बिनरेटिंगच्या डावांत गेला तर पालक कुरकुर करणार, हे मी दर स्पर्धेत ऐकतो.

राइनकाठची_इंदूरकर

माहेर सुदामा नगर, आता जर्मनीत असते. इथे मी एका छोट्या क्लबकडून लीग खेळते, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथे बुद्धिबळ म्हणजे मुख्यतः संघ. बुंडेसलीगा, जिथे आनंद बाडेन-बाडेनकडून खेळला, तिच्यात संघाला आठ बोर्ड असतात. तिचे डाव फिडे रेटिंगला जातात. खाली मात्र उतरंडीसारख्या लीग आहेत, अगदी गावपातळीपर्यंत, आणि तिथले डाव जर्मन संघटनेच्या स्वतःच्या राष्ट्रीय आकड्याला धरतात. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्व आणि पश्चिमेच्या जुन्या पद्धती एकत्र करून तो आकडा तयार केला. त्यामुळे आमच्या आठव्या बोर्डावरचे निवृत्त पोस्टमन आणि समोरच्या संघातली शाळकरी मुलगी, दोघांनाही आपला डाव मोजला जातो हे माहीत असतं. आणि तरीही पोस्टमनना संघातून कुणी काढत नाही, कारण आठ माणसं दर वेळी भरायची असतात!

पण मला वाटतं खरा फरक रेटिंगमुळे पडत नाही, वेळापत्रकामुळे पडतो. इथे सगळं एका दिवसात उरकत नाहीत. एका रविवारी एकच सामना, पुढचा तीन-चार आठवड्यांनी. शरदात सुरू होतं ते वसंतापर्यंत चालतं. डाव लांब असतो, संपला की बाजूच्या खोलीत दोघं मिळून तो परत मांडतात. काका म्हणतात ती ओट्यावरची शनिवारची संध्याकाळ इथे रविवारी दुपारी होते. तुम्ही पंधरा मिनिटांचे सात राऊंड एका दिवसात कोंबता आणि मग म्हणता की म्हाताऱ्यांना जमत नाही.

रामबागी

ताई, तुमचं शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे.

बसून आकडेमोड केली. पंधरा मिनिटांचे डाव ठेवले तर ते रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, रेटिंगला जातील. ती यादी २०१२ पासून वेगळी आहे, म्हणजे मुख्य रेटिंगला धक्का लागणार नाही. आधी वाटलं हाच मधला मार्ग. पण रॅपिडमध्ये बारा वर्षांचं पोर सत्तरीच्या माणसाला घड्याळावर हरवतं, पटावर नाही. काकांना तेही नकोसं होईल.

मुख्य रेटिंगला धरायचं तर १८०० च्या वरचा एक जरी खेळाडू असेल तरी ६० चालींच्या हिशेबाने प्रत्येकाला किमान ९० मिनिटं हवीत. एक तास आणि चालीमागे ३० सेकंदांची भर ठेवली की बरोबर ९० भरतात. म्हणजे साठ चालींचा डाव तीन तासांचा. एका दिवसात तीन राऊंड नियमात बसतील, कारण दिवसाला १२ तासांपर्यंत खेळता येतं. पण माणसं बसणार नाहीत. म्हणून तीन रविवार, दर रविवारी दोन राऊंड. सकाळी नऊला पहिला, जेवण करून दुसरा. स्पर्धा ९० दिवसांत संपवायची अट आहे, ती सहज पाळता येते. सहा राऊंड, सहा खरे डाव.

हॉलचं भाडं वाढेल. भर देणारी डिजिटल घड्याळं लागतील, ती उसनी मिळतील. पंचांचं मानधन द्यावं लागेल. प्रत्येक खेळाडूची देशाच्या बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी आणि फिडे क्रमांक लागेल. हे सगळं जमेल.

सुदामानगरवाला

तीन रविवार? पहिल्या रविवारी हरलेला संघ तिसऱ्या रविवारी येतो का बघा. लग्नसराई लागेल, शाळेच्या परीक्षा येतील. मग वॉकओव्हर. आणि वॉकओव्हर रेटिंगला धरत नाहीत, म्हणजे समोरचा संघ येऊन नुसता बसून जाणार. मला रेटिंगही नको आणि तीन रविवारही नकोत. होती ती स्पर्धा चांगली होती.

सातव्या_पट्टीचं_प्यादं

म्हणूनच राखीव एकऐवजी दोन ठेवावेत. ऑलिम्पियाडला २००८ पासून चार अधिक एक असले तरी ती माणसं दोन आठवडे एकाच गावात असतात. आपली लग्नाला जातात. तुमचीच अडचण सुटेल त्यात.

तिसऱ्या_बोर्डाची_आई

तीन रविवार मला चालतील. उलट बरंच. दिवसाला पाच-सहा डाव खेळून मुलं संध्याकाळी नुसती लाकडासारखी होतात.

पण माझी अट आहे. डाव सुरू असताना कॅप्टनने खेळाडूशी बोलायचं नाही. "चालेल" नाही, "पुरे" नाही, मान हलवणं नाही. बरोबरी मागायची की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मुलीला शेजारचे बोर्ड दिसतातच. संघाला अर्धा पुरतो हे तिला कळेल, आणि तिने स्वतः घेतली तर ते पॉइंट गेल्याचं तिला दुःख होणार नाही. हे नियमात येत असेल तर माझा विरोध मी मागे घेते आणि सुदामा नगरच्या पालकांशी मीच बोलते.

अडीच_घरं

नक्की येतं. खेळाचे मूळ नियम मोडत नाहीत तोवर स्पर्धेचे नियम आयोजक कडक करू शकतात. वाक्य असं लिहू: "सामना सुरू झाल्यावर कॅप्टनने आपल्या खेळाडूशी डावाबद्दल किंवा बरोबरीबद्दल बोलू नये, खूण करू नये. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी कॅप्टनला हॉलबाहेर." मी पंच असेन तर हे पाळून घेईन, शब्द देतो.

दुसरं काम आधी करावं लागेल. चालीमागे ३० सेकंदांची भर असेल तर शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, वेळ कमी उरला म्हणून सूट नाही. आणि त्या बीजगणिती पद्धतीनेच, ई४, घोडा एफ३ अशा. छावणीच्या काकांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना जुन्या पद्धतीची सवय आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी स्पर्धेआधी एखाद्या संध्याकाळी रामबागेत यावं, तासाभरात हात बसतो. ज्यांना हातामुळे लिहिणं जमत नाही त्यांना सहायक देता येतो, मात्र ते आधी सांगायला हवं.

जुनी_छावणी

नोंदणीला माझी हरकत नाही. चाली लिहायलाही शिकेन. येईल तो आकडा येऊ दे, नाही आला तरी पोटात दुखणार नाही. पण माझ्या जागेचं काय ते लिहा. प्रत्येक संघात एक बोर्ड साठीच्या वरच्याला आणि एक पंधराच्या खालच्याला, असा नियम करा. मग आम्हाला कुणी उपकार म्हणून घेणार नाही, गरज म्हणून घेतील. जर्मनीच्या ताई म्हणाल्या तसं, माणसं भरायची असली की जागा निघते.

आणि प्रत्येक संघात एक मुलगी किंवा बाई असावी, हेही जोडा. बुडापेस्टला मुलींच्या संघानेही सुवर्ण आणलं ना? नागपूरची दिव्या देशमुख, तिसऱ्या बोर्डावर ११ पैकी साडेनऊ. कॅप्टन पुण्याचे अभिजित कुंटे. मग आपल्या इंदूरच्या संघात मुलगी शोधायला कंदील का लावायला लागावा?

सातव्या_पट्टीचं_प्यादं

काका, आदर ठेवून सांगतो, सक्ती नको. मुलीची अट ठीक आहे, मुली आहेत आणि चांगल्या आहेत. पण चार बोर्डांत साठीचा एक, पंधराखालचा एक, मुलगी एक, म्हणजे उरला एकच. आम्ही चार मित्र एकत्र सराव करतो, आमचा संघच होणार नाही. स्कीम ७८ वाले तर नक्की येणार नाहीत.

राइनकाठची_इंदूरकर

मग बोर्ड पाच करा की. किंवा सहा. चारच असावेत असं कुठं लिहिलंय? इथे आठ असतात.

रामबागी

सहा बोर्ड आणि दोन राखीव. सहापैकी एक साठीवरचा, एक पंधराखालचा, एक मुलगी किंवा महिला. उरलेले तीन कुणीही. एकच खेळाडू दोन अटी पूर्ण करत असेल, समजा तेरा वर्षांची मुलगी, तर दोन्हीत धरायची. म्हणजे मित्रांच्या चौकडीलाही जागा मिळते. हे मला पटतंय. कॅप्टनच्या बैठकीत मांडतो, तिथे बहुमताने ठरेल. सुदामा नगरचा आक्षेपही तिथेच बोलू. तिसऱ्या रविवारी न येणाऱ्या संघाची अनामत जप्त करावी असं मला वाटतं, त्याशिवाय वॉकओव्हर थांबणार नाहीत.

स्पर्धा रेटिंगचीच करायची, याबद्दल मात्र माझं मत या सगळ्या चर्चेनंतर आणखी पक्कं झालंय. रेटिंग आलं म्हणून लांब डाव आले, लांब डाव आले म्हणून तीन रविवार आले. कॅप्टनचा नियम आणि काकांचा बोर्डही याच चर्चेतून आला. घरगुती ठेवली असती तर यातलं काहीच कुणी विचारलं नसतं.

पोहे_जिलेबी

एक शेवटची शंका. कुणी आपला सर्वांत मजबूत खेळाडू मुद्दाम सहाव्या बोर्डावर बसवला तर? फुकटचे पॉइंट लुटेल ना तो.

अडीच_घरं

पॉइंट लुटता येत नाहीत. १९०० वाल्याने १५०० वाल्याला हरवलं तर के २० ने फक्त १.६ मिळतात. बरोबरी झाली तर ८.४ जातात, हरला तर १८.४. तक्ता त्याची बरोबर वसुली करतो. संघाला मात्र त्याचा फायदा होतो आणि ते डावपेच म्हणून चालतं. बुडापेस्टला आपल्या संघात सर्वांत जास्त रेटिंग अर्जुनचं होतं आणि तो तिसऱ्या बोर्डावर बसला होता.

आपण एवढंच बघायचं की क्रम मध्येच बदलता कामा नये. सहा अधिक दोन, आठही नावं क्रमाने, पहिल्या राऊंडच्या आधी लेखी द्यायची, फिडे क्रमांकासकट. कुणी गैरहजर असेल तर खालचे वर सरकतील, राखीव शेवटी येईल, मध्ये घुसवता येणार नाही. साठीवरचा किंवा मुलीचा बोर्ड रिकामा राहत असेल तर त्यांच्याऐवजी त्याच अटीतला राखीवच घ्यावा लागेल, म्हणून राखीव निवडताना विचार करा. ज्यांचा फिडे क्रमांक अजून नाही त्यांनी नोंदणी या आठवड्यातच सुरू करावी, शेवटच्या दिवशी ती होत नाही.

जुनी_छावणी

चाली लिहायच्या शिकवणीला मी आणि आमचे बँकवाले, दोघं येऊ. दिवस कळवा.